म्हणे का पाहिलं?

गुरुवार, सकाळी दहा. सार्वजनिक वाचनालयाची पुढची खोली. हजर: किराणावाले अण्णा, मोटारसायकल मेकॅनिक रफिकभाई, नाना (एका पक्षाचे), दगडू हॉटेलवाला (दुसऱ्या पक्षाचा), सरपंचबाई (स्वतः, यजमान नव्हेत) आणि चिटणीस म्हणून मी. विषय दोन. पहिला: बाहेरचा फळा आता कुणी लिहायचा. दुसरा: काकांच्या हातची जी एक ओळ फळ्यावर राहिली आहे, तिचं काय करायचं.

सगळे बसल्यावर मी म्हटलं, "तलाठी येणार होते म्हणे."

रफिकभाई खालमानेनं म्हणाले, "म्हणे का पाहिलं?"

सगळे हसले. मी उगाच पेनाचं टोपण लावलं आणि काढलं.

हे वाक्य काकांचं. काका जाऊन महिना झाला. गावात त्यांना 'वार्ताहर' म्हणत, मी काका म्हणत असे. तुमच्याही गावात बातमी सांगणारी माणसं असतील, तुम्हीही त्यांना पारखून घेतलं असेल. आमचे काका बातमी सांगणाऱ्यालाच पारखून घेत. तुम्ही धावत येऊन काहीही सांगा, पीक विम्याचं, भांडणाचं, कुणाच्या मुलीच्या लग्नाचं. काका हातातला खडू उभा धरून, एक डोळा बारीक करून विचारत, "म्हने का पाह्यलं?" निम्मी बातमी तिथेच गळून पडायची.

काका सकाळच्या बसनं येणारे पेपरचे गठ्ठे उतरवून सायकलवरून वाटायचे. पेपरचा एजंट तोच गावाचा वार्ताहर, अशी आपल्याकडची रीत. वार्ताहर म्हणजे बातम्याही द्यायच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीही गोळा करायच्या. नानांच्या पक्षाच्या साहेबांच्या वाढदिवसाला एकदा पानभर फोटो आला आणि त्याखाली आमच्या वेशीपर्यंतच्या रस्त्याचं कौतुक आलं. त्याच रस्त्यावर काकांची सायकल गठ्ठ्यांसकट आडवी झाली होती. गुडघ्याला हळद लावून ते वाचनालयात आले आणि मला म्हणाले, "ताई, हा पेपर मी आज वाटला. वाटनं माझं काम हाय. पन लिहिनं बंद." त्यांनी ओळखपत्र पाकिटात घालून परत पाठवलं. पेपर विकत राहिले. लोक वार्ताहरच म्हणत राहिले.

लिहिण्याची खोड मात्र जाईना. वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर सुविचारासाठी फळा होता. कित्येक दिवस त्यावर एकच सुविचार होता, त्याचा लेखकही पुसट झाला होता. काकांनी माझ्याकडे फळा मागितला. मी कार्यकारिणीत ठराव केला, खडूचा डबा दिला, ओलं फडकं दिलं. गावाच्या बातम्या फळ्यावर येऊ लागल्या.

तेव्हा फळ्यावर मधली रेघ नव्हती. ती रेघ अण्णांमुळे आली.

अण्णा एकदा डोळा दाखवायला बीडला गेले होते. काकांनी काहीतरी विचारायला त्यांच्या घरी फोन लावला. पुतण्यानं उचलला. "अण्णा हायेत का?" पुतण्या म्हणाला, "न्हाईत, अण्णा गेलते..." आणि रेंज गेली. पुढचं 'बीडला' वाऱ्यावर गेलं. काकांनी ऐकलं, 'अण्णा गेले, ते...' पुढे पोराला रडू आलं असणार, असं समजून परत फोनही लावला नाही. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'किराणा व्यापारी अण्णा यांचे दुःखद निधन.'

बाजारपेठेतली निम्मी शटरं खाली आली. अण्णांच्या घरी लोक पोचले, तेव्हा त्यांच्या पत्नी भाकरी थापत होत्या. माणसं दारात मुंडी खाली घालून उभी, आणि त्या विचारतायत, "काय झालं? कुणाचं काय झालं?" कुणी सांगायचं? तेवढ्यात बस आली. अण्णा उतरले, एका डोळ्यावर हिरवं फडकं. उरलेल्या डोळ्यानं फळा वाचला.

"मी बीडला गेलतो बे! मेलो कवा?"

काकांनी कारण सांगितलं नाही, रेंजला दोष दिला नाही. फळा पुसला आणि आधीच्या बातमीएवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं, 'अण्णा जिवंत आहेत. चूक वार्ताहराची.' ती ओळ इतके दिवस ठेवली, की शेवटी अण्णाच हात जोडून आले. "पुसा आता. गिऱ्हाईक मीठ न्यायला येतंय आन मला चिमटा काढून बगतंय."

त्यानंतर काकांनी पेंटरकडून फळ्याच्या मधोमध पांढरी रेघ मारून घेतली, ऑइलपेंटची, न पुसणारी. डाव्या बाजूला वर लिहिलं 'म्हणे'. उजवीकडे 'पाहिलं'. नियम साधा. ऐकलेलं सगळं डावीकडे. कुणीतरी स्वतः जाऊन बघून आलं, की उजवीकडे. उजवीकडे घेता आलं नाही तर पुसायचं. पण पुसायलाही बघून आलेलाच माणूस पाहिजे. घरात बसून कुणी बातमी खरी करायची नाही आणि खोटीही करायची नाही.

मी व्यवस्थेची बाई आहे. मला नियम आवडतो. पण नियम करणारा स्वतःही तो पाळतो, हे मी त्या फळ्यावरच पाहिलं.

नानांच्या साहेबांनी वेशीवर बसथांब्याचं भूमिपूजन केलं. नाना मोबाइलमध्ये मजकूर घेऊन आले. 'विकासपुरुष' पासून 'कर्तव्यदक्ष' पर्यंत सगळं होतं. काकांनी शांतपणे वाचलं आणि उजवीकडे लिहिलं, 'नारळ फुटला. पेढे वाटले.' डावीकडे लिहिलं, 'बसथांबा होणार.'

नाना भडकले. "काका, साहेबांचं नाव कुठंय?"

"लिहितो की. नारळ साहेबांनी फोडला. एकाच दणक्यात फुटला, हे बी लिहू का?"

"आन बसथांबा म्हणे मधी कावून?"

"नाना, मला त्याच्यात बसून दाखव. लगेच पलीकडं घेतो."

पुढे बसथांबा खरंच झाला. काकांनी उजवीकडे लिहिलं, 'बसथांबा झाला. पत्रा मजबूत. बसून पाहिलं.' नानांनी त्या ओळीचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. पेपरमध्ये पानभर फोटो आल्यावर नाना इतके खूश झाले नव्हते. मी तेव्हा मनात म्हटलं, आपल्या फळ्याला वजन आलं.

वाचनालयात टीव्ही आहे, दुपारी चर्चा लागतात. काका रिमोट घेऊन आवाज बंद करायचे. "आता बगा. ह्या चौघात ऐकतंय कोन?" आम्ही बघायचो. चौघांचीही तोंडं चालू असायची. मग ते म्हणायचे, "झाली चर्चा," आणि पेपर उघडायचे. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे शब्द आले की त्यांची हनुवटी वर जायची. "ह्या सूत्राच्या घरी जावं म्हनलं, तर सूत्र कवाच घरी नसतं."

आपल्या बीड जिल्ह्याचं नाव टीव्हीवर कशासाठी येतं, हे तुम्हाला सांगायला नको. पुण्याची माझी नणंद फोनवर विचारते, "वहिनी, तुमच्याकडे घराबाहेर पडता येतं ना?" मला राग यायचा. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना म्हनावं, फळा वाचायला या."

म्हणजे जिल्ह्याची बाजू घेणं नव्हे. नदीतून वाळूचे ट्रॅक्टर निघाले, तेव्हा काका काठावर जाऊन उभे राहिले आणि परत येऊन उजवीकडे लिहिलं, 'वाळूचे ट्रॅक्टर निघाले. पाहिले.' दुसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून एकजण उतरला. फार मऊ बोलला. "काका, वय झालं आता तुमचं. नजर कमी झाली आसंल."

"व्हय," काका म्हणाले. "म्हनून तर जवळ जाऊन बगावं लागतं."

गाडी गेली. मी दाराशी उभी होते. मी दाराची कडी धरून ठेवली होती, पण अभिमानही वाटत होता, हेही खरं.

आता दगडूचं सांगते.

निवडणुकीचे दिवस होते. गावात दोन पक्ष म्हणजे दोन समाज, दोन गल्ल्या, दोन पाणपोया. दगडूचं चहाचं हॉटेल बसस्टँडसमोर, आणि दगडू साहेबांच्या विरोधी पक्षाचा. एका सकाळी मोबाइल एकदम वाजू लागले. मांजरसुंब्याच्या चौकात साहेबांच्या गाडीची काच फुटली. पहिल्या मेसेजमध्ये होतं, 'गाडीवर दगड मारला.' तो पुढे गेला, कुणी टाइप केला, कुणी फोनवर ओरडून सांगितला, आणि आमच्या गावात पोचला तेव्हा झाला, 'गाडीवर दगडूनं मारला.'

आणि दगडू त्या सकाळी खरंच मांजरसुंब्याला गेला होता.

तो परत येऊन भट्टी पेटवतोय, तोवर नानांची पोरं हॉटेलसमोर जमली. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात नुसता मोबाइल. मोबाइलवाले जास्त ओरडत होते. दगडू झारा हातात धरूनच वाचनालयात शिरला. मी बाहेर येऊन दाराला कडी लावली. दगडूची गल्लीही जमायला लागली होती. अजून थोडा वेळ गेला असता, तर दगडूचं हॉटेल राहिलं नसतं, आणि मग कुणाचंच काही राहिलं नसतं.

काका सायकल लावून आले. कुणाशीही न बोलता खडू घेतला आणि डावीकडे लिहिलं, 'मांजरसुंब्याला साहेबांच्या गाडीची काच फुटली. दगड? दगडू?' मग वळले.

"तुमच्यापैकी पाह्यलं कुनी?"

"सगळा गाव म्हनतोय काका!" एक पोरगा ओरडला.

"म्हनतोय ना? तेच लिहिलंय. आता मी बगून येतो. नाना, मी येईस्तोवर कुनी हलायचं न्हाई. तुझ्या पोरांची जिम्मेदारी तुझी."

नाना म्हणाले, "आन तुमी तिकडं गेल्यावर ह्यो पळून गेला तर?"

"त्याची जिम्मेदारी ताईची."

झालं, माझ्या नावावर एक काम आलं. रफिकभाईंनी मोटारसायकल काढली, काका मागे बसले. मी दोन्हीकडच्यांना वाचनालयाच्या सतरंजीवर बसवलं. नानांची पोरं खिडकीकडे, पलीकडची कपाटाकडे, मध्ये टेबल आणि टेबलाशी मी. दगडू माझ्यामागे. उन्हानं सगळ्यांचे घसे सुकले होते. नानांनी सवयीनं मान वर केली आणि म्हणाले, "दगडू, चहा सांग रे."

कुणी हसलं नाही. दगडूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो गेला, किटली घेऊन आला आणि ज्यांच्यापुढे थरथरत होता, त्यांनाच ओतून दिला. एकानं कप बाजूला सरकवला. बाकीच्यांनी प्यायला.

काका आले तेव्हा कपडे, भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. सगळे फळ्यापाशी धावले. काकांनी उजवीकडे सावकाश लिहिलं, 'काच फुटली आहे. गाडीत खडी पडली आहे. दगडूच्या हॉटेलचं नाव घातलेलं रिकामं सिलिंडर गॅसच्या दुकानात पाहिलं, भरायला ठेवलं आहे.'

पलीकडे डावीकडे लिहिलं, 'खडी पुढच्या डंपरमधून उडाली – गाडीचा ड्रायव्हर.'

मी त्यांच्या कानाशी गेले. "काका, डंपरपण उजवीकडे घ्या. एका शब्दाचा प्रश्न आहे. हे लोक घरी जातील."

"ताई, डंपर कवाच गेलता. मला कुठला दिसतोय?"

"ड्रायव्हर खोटं कशाला बोलेल? साहेबांचाच माणूस."

"न्हाई बोलनार. म्हनून तर लिहिलं ना, त्याच्या नावावर."

"अहो, आजच्या दिवस लिहा. दगडूच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थकून. "आज ह्याच्यासाटी लिहितो, ताई. उद्या ह्याच्याइरुद्ध लिहा म्हनतील. मग ह्या रेघेला काय म्हनू?"

मला ते पटलं नव्हतं. मला दगडूचा चेहरा दिसत होता.

नाना फळ्याजवळ गेले. बोट ठेवून ठेवून वाचलं. "खडी पाहिली. सिलिंडर पाहिलं. आन डंपरला म्हणे?"

"पाह्यला न्हाई."

"तुमचा अंदाज काय?"

"अंदाजाला ह्या फळ्यावर जागा न्हाई, नाना."

काकांनी आत येऊन खिशातून रुमाल काढून टेबलावर उघडला. त्यात ड्रायव्हरला विचारून आणलेला एक तुकडा होता. निळसर, सगळ्या बाजूंनी धारदार, क्रशरमधून आलेली खडी. आमच्याकडे शेतकऱ्यापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना दगड कळतो. बांधावरचा असा नसतो, नदीतला असा नसतो. तो तुकडा हातोहात फिरला, खिडकीकडून कपाटाकडे गेला.

नाना बाहेर जाऊन फळा पुन्हा वाचून आले. मग आपल्या पोरांकडे वळून म्हणाले, "हा मानूस डंपरला बी म्हणे लावतो. म्हंजे जे पाह्यलं लिहिलंय, ते पाह्यलंच. चला घरी."

जाता जाता ते दगडूपाशी थांबले. दगडूनं अंग चोरलं. नाना म्हणाले, "साखर कमी हाय आज."

दगडू मटकन खाली बसला आणि रडला. संध्याकाळी एका चॅनेलवर मोठ्या अक्षरात 'दगडफेक' चाललं होतं, सूत्रांच्या माहितीनुसार. आम्ही सगळ्यांनी मिळून ते पाहिलं, दोन्ही गल्ल्यांनी, आवाज बंद करून. मी त्या दिवशी पुण्याला नणंदेला स्वतः फोन लावला आणि म्हटलं, "आमच्याकडे घराबाहेर पडता येतं. एकदा येऊन पाहा."

काकांना पुढे धाप लागायला लागली. अंबाजोगाईहून मुलगी न्यायला आली. जायच्या दिवशी त्यांनी फळा स्वच्छ पुसला. उजवी बाजू कोरी ठेवली. डावीकडे एकच ओळ लिहिली: 'वार्ताहर दिवाळीनंतर परत येणार.'

मी म्हटलं, "काका, तुमचं स्वतःचं येणं, त्याला म्हणे कशाला?"

"ताई," ते गाडीच्या दाराला धरून म्हणाले, "अजून आलोय कुटं?"

दिवाळी झाली. आकाशकंदील उतरले. एका दुपारी मुलीचा फोन आला. गावात लगेच पोरांनी श्रद्धांजलीचे फोटो बनवले, पण फळ्यापाशी सगळे थबकले. अण्णा म्हणाले, "ह्या फळ्यावर मी एकदा मेलोय. फोनवर इस्वास ठेवू नका. कुनीतरी जावा." रफिकभाईंनी या वेळी जीप आणली. मी बसले. केजपर्यंत आम्ही दोघंही मनात एकच धरून होतो, की मुलगी 'गेलते' म्हणाली असेल आणि पुढचं तुटलं असेल. दारात काका खुर्चीवर बसलेले असतील आणि आपल्याला पाहून डोळा बारीक करतील.

मी पाहिलं. एवढंच लिहिते.

तर गुरुवारची सभा. पहिला विषय लवकर संपला, कारण फळा आपण लिहू म्हणून नाना आणि दगडू दोघांनीही हात वर केला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. सरपंचबाई म्हणाल्या, "एक आठवडा ह्यांचा, एक आठवडा त्यांचा. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासायचं." ठराव एकमतानं मंजूर. ज्या गावात एका 'दगडू'वरून काठ्या निघाल्या होत्या, त्या गावात हा ठराव मी माझ्या हातानं लिहिला. अक्षर वळणदार आलं.

दुसरा विषय. अण्णा म्हणाले, "नियम काय हाय? बगून आलेल्यानंच पुसायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रफिकभाई म्हणाले, "मी बी पाह्यलं, ताई. पन चिटनीस तुमी हाव."

ठराव क्रमांक दोन: सदर ओळ चिटणीसबाईंनी पुसून उजवीकडे योग्य ती नोंद करावी. मंजूर.

त्या सभेतली बाकी कामं झाली. खडू आणले, फळ्याच्या चौकटीला खिळा मारला, नाना-दगडूच्या आठवड्यांचा तक्ता दाराला लावला. रोज सकाळी मी ओलं फडकं पिळते आणि फळा पुसते. डावीकडे वरच्या कोपऱ्यात पोचले, की फडकं त्या ओळीच्या कडेकडेनं फिरवते.

ठराव क्रमांक दोन बाकी आहे.